उतरलेला कोट

पत्र:

ताई,
मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर दीड वर्षापूर्वी लंडनला आले, हॅरोला भाड्याने राहतो. पुढच्या महिन्यात नोकरीच्या मुलाखती आहेत आणि माझ्याकडे चारचौघांत घालण्यासारखा कोट नाही. परवा केन्सिंग्टनला गेले होते, तिथे एका चॅरिटी शॉपमध्ये बदामी रंगाचा लांब लोकरी कोट दिसला. दुकान इतकं देखणं की आत जाईपर्यंत ते जुन्या कपड्यांचं आहे हेच कळलं नाही. किंमत ६५ पौंड. घालून बघितला तर जसा काही माझ्या मापाने शिवलेला. फक्त एक बटण नाही. तिथल्या बाईंनी शनिवारपर्यंत बाजूला ठेवलाय. घरी व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर म्हणाली, "मेल्या माणसाचे कपडे घालून मुलाखतीला जाणार?" नवरा म्हणतो, "आपल्याला नवा परवडतो, मग गरिबांच्या दुकानातून कशाला घ्यायचा?" त्यात सासूबाई पुढच्या महिन्यात राहायला येताहेत, त्यांना काय सांगू? आणि जुन्या कोटाला ६५ पौंड म्हणजे जास्त होतात का?
– शनिवारपर्यंत मुदत असलेली

उत्तर:

तुझं पत्र पोचलं तेव्हा शनिवार दोन दिवसांवर होता आणि हे सदर यायला दोन आठवडे. म्हणून तुला तेव्हाच एका शब्दाचं उत्तर धाडलं: घे. आता बाकीचं सावकाश सांगते. तुझ्याएवढी माझी भाची आहे, म्हणून अगं-तुगं करतेय. आणि हेही आधीच सांगून टाकते की मी या बाबतीत तटस्थ वगैरे नाही. लंडनच्या आसपास चोवीस वर्षं काढली आणि माझ्या कपाटातले निम्मे चांगले कपडे अशाच दुकानांतले आहेत.

नवऱ्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो सोपा आहे. त्याला वाटतंय, हा कोट कुणा गरजू बाईच्या वाट्याचा होता आणि तू मध्येच उचललास. पण चॅरिटी शॉप म्हणजे अन्नछत्र नव्हे. तिथे कपडे वाटत नाहीत, विकतात, आणि आलेला पैसा कामाला लावतात. ऑक्सफॅमचंच बघ. १९४२ साली नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये लोक उपासमारीने मरत होते, तेव्हा ऑक्सफर्डमधल्या मंडळींनी ती समिती काढली. त्याच संस्थेने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान मांडलं आणि लोकांनी दिलेल्या वस्तू विकून पैसा उभा करू लागली. घरातला जुना पियानो कुणी दान दिला, तर भुकेल्या माणसाने त्याचं करायचं काय? तो विकायचा आणि धान्य घ्यायचं. तुझ्या कोटाचंही तेच. त्याचे पैसे व्हावेत म्हणूनच तो दुकानात टांगला होता.

हे पैसे नीट व्हावेत म्हणून तिथल्या सरकारनेही सोय करून ठेवलीय. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य, आणि इंग्लंडमध्ये दुकानाच्या जागेवरच्या करात ८० टक्के सूट. म्हणून तर केन्सिंग्टनसारख्या महागड्या भागात ही दुकानं तग धरतात. काउंटरमागे बहुतेक एखादी पगारी मॅनेजर असते, बाकी स्वयंसेवक. कोटाच्या चिठ्ठीवर किमतीशिवाय बारकोडचा आणखी एक स्टिकर होता का, आठवून बघ. असेल तर देणाऱ्याने 'गिफ्ट एड'चा फॉर्म भरलाय. देणारा ब्रिटनमध्ये कर भरत असला तर विक्रीच्या दर पौंडामागे सरकार संस्थेला वर २५ पेन्स देतं. म्हणजे तुझ्या ६५ पौंडांवर आणखी सव्वासोळा. आणि ज्याने कोट दिला त्याला कळवतात की तुमच्या वस्तूंचे इतके इतके पैसे आले.

न विकलेला कपडा कुठे जातो ठाऊक आहे? किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे. त्यातला लोकरी माल फिरत फिरत आपल्या पानिपतला पोचतो. तिथे रंगवार वेगळा करतात, बटणं-चेन काढतात, फाडून पिंजतात, पुन्हा सूत काढतात आणि स्वस्तातली ब्लँकेटं विणतात. तेव्हा तू कोट घेतलास म्हणजे अक्षरशः त्याचं पानिपत टळलं, असं नवऱ्याला सांग.

तरी त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, तीही सांगते. सगळी चॅरिटी शॉप्स केन्सिंग्टनची नसतात. साध्या वस्तीतल्या दुकानात एखादी आई पोराचा थंडीचा कोट, एखादा विद्यार्थी रजई शोधत असतो, आणि त्यांना दोन-चार पौंडांनीही फरक पडतो. तिथे जाऊन, मुंबईला न्यायला म्हणून पिशव्या भरभरून घेणारे आपलेच लोक मी पाहिलेत. ऑनलाइन चढ्या भावाने विकायला उचलणारेही पाहिलेत. ते मला पटत नाही. तुझ्या ६५ पौंडांच्या कोटाने मात्र कुणाच्या तोंडचा घास गेलेला नाही.

आता आई. तिचा प्रश्न एवढा सोपा नाही, आणि तिला "आई, तू जुन्या वळणाची आहेस" म्हणून उडवून लावू नकोस.

कोट मेलेल्या माणसाचा असू शकतो. खोटं कशाला बोलायचं? आमच्या शेजारी एक म्हातारी इंग्रज बाई राहायची. नवरा गेल्यावर चार-पाच महिन्यांनी तिने मला हाक मारली, कपाट रिकामं करायला. मला वाटलं, भराभर पिशव्यांत कोंबायचे आणि दुकानात नेऊन टाकायचे. तिने तसं काही केलं नाही. एकेक जाकीट पलंगावर पसरलं, ब्रश फिरवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. प्रत्येक खिसा बाहेर उलटा काढून बघितला. कशात पेपरमिंटची गोळी निघाली, कशात गाडीचं तिकीट, एका कोटात तिच्याच हातची वाणसामानाची यादी. यादी तिने ठेवून घेतली. पिशव्या मात्र जवळच्या दुकानात दिल्या नाहीत, मला दोन स्टेशनं पलीकडे गाडीने न्यायला लावल्या. का, ते मी विचारलं नाही. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं की रस्त्यात तो राखाडी कोट दुसऱ्याच्या अंगावर समोरून येताना बघायची तिची छाती नव्हती, पण तो कपाटात नुसता लटकलेलाही बघवत नव्हता.

आणि आपल्याकडे काय वेगळं करतात? तेराव्याला छत्री, चपला, अंथरूण-पांघरूण देतोच ना? माणूस गेला की त्याच्या वस्तू घराबाहेर, वापरणाऱ्याच्या हाती जाव्यात, ही समज दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की आपण त्या घेणाऱ्याच्या जागी स्वतःला कधी कल्पिलेलं नसतं. आईला टोचतंय ते हे. मरणाचं नाव ती पुढे करतेय, पण खरी बोच वेगळी आहे.

आपल्याकडे जुना कपडा कायम वरून खाली जातो. मालकिणीकडून कामाच्या बाईकडे, थोरल्या जावेकडून धाकटीकडे, पैसेवाल्या आत्याकडून भाचीकडे. आणि कपड्याबरोबर देणाऱ्याची नजरही जाते. माझ्या आईला तिच्या नणंदेने एकदा एक निळी साडी दिली होती. चांगली होती, फारशी नेसलेलीही नव्हती. आईने ती एका मुंजीला नेसली, आणि आत्याने भर मांडवात मोठ्याने म्हटलं, "बघा, माझ्यापेक्षा हिलाच कशी शोभते!" आई हसली. घरी येऊन तिने ती साडी घडी करून फळीच्या मागच्या बाजूला सारली आणि पुढच्या वेळी बोहारीण दारात आली तेव्हा तिच्या गाठोड्यात टाकली. बदल्यात स्टीलचा एक डबा मिळाला. त्याचं झाकण कधी धड बसलं नाही, पण आई त्यात साखर ठेवायची आणि तो डबा काढताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

साडी जुनी होती याची ती लाज नव्हतीच. जुन्याचं वावडं असतं तर आपण बाळाला आजीच्या मऊ लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलं नसतं, लेकी लग्नात आईचा शालू नेसल्या नसत्या. माझ्या आईला नको होतं ते मिंधेपण. तुझ्या त्या दुकानात नेमकं तेच नाही. देणारी तुला ओळखत नाही, तू तिला ओळखत नाहीस, मध्ये चिठ्ठीवर किंमत लिहिलीय आणि ती तू मोजलीस. उद्या ती बाई ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तुझ्या समोर बसली तरी "माझ्यापेक्षा हिलाच शोभतो" म्हणू शकणार नाही. आईला हे सांगून बघ. उपदेश म्हणून नको, तिच्याच सासरच्या कुणाची तरी आठवण काढून सांग. प्रत्येक घरात एक निळी साडी असतेच.

याच कारणासाठी तिथे भाव करू नकोस. आपला हात शिवशिवतो हे मला ठाऊक आहे. पण ६५ चे ५० करून मागितलेस की तू पुन्हा मागणारी होतेस आणि समोरची स्वयंसेवक आजी अवघडते. बटण नाही, शिवण उसवलीय असं काही असेल तर दाखवून, "याचा विचार केलाय का किमतीत?" एवढं विचारायला हरकत नाही. नाही म्हणाल्या तर विषय संपला.

६५ पौंड जास्त का, हे किमतीवरून ठरत नाही, कोटावरून ठरतं. उच्चभ्रू भागातली ही दुकानं आता चुकून काही स्वस्तात जाऊ देत नाहीत. मॅनेजर लेबल बघते, इंटरनेटवर भाव बघते, मगच चिठ्ठी लावते. २००९ मध्ये मेरी पोर्टास या दुकानदारीच्या जाणकार बाईंनी टीव्हीवर चॅरिटी शॉप्सना धारेवर धरलं, आणि त्यातून मुलांसाठी काम करणाऱ्या 'सेव्ह द चिल्ड्रन'ची 'मेरीज लिव्हिंग अँड गिव्हिंग' ही दुकानं उभी राहिली. कपडे रंगानुसार लावलेले, मोजकेच हँगर, बुटिकसारखी मांडणी. लंडनच्याच श्रीमंत चेल्सी भागात किंग्ज रोडपासून जवळ ओल्ड चर्च स्ट्रीटवर ब्रिटिश रेड क्रॉसचं दुकान आहे, तिथे डिझायनर कपड्यांसाठी लोक मुद्दाम जातात. माल वस्तीसारखा असतो, हे साधं गणित. मात्र अशा दुकानात हलका, हंगामी फॅशनचा टॉप कधी घेऊ नकोस. त्याला बहुधा नव्याच्या जवळपासची किंमत लावलेली असते आणि दोन धुण्यांत त्याचं पायपुसणं होतं. अशा दुकानात घ्यायची ती लोकर, रेशीम, चामडं आणि चांगली शिवण.

कोट खिडकीपाशी उजेडात ने. आतलं लेबल वाच, लोकर किती टक्के ते. कॉलर उलटी करून बघ, कारण कसर पहिल्यांदा लागते ती तिथे, खिशाच्या झाकणाखाली आणि बगलेत. उजेडावर धरलंस की टाचणीएवढी भोकं चांदण्यांसारखी दिसतात. मी शिकले ती ठेच लागूनच. एका दुकानातून, नाव नको, मी काश्मिरी लोकरीचा स्वेटर आणला, इतका मऊ की गालाला लावून बघत बसले आणि उजेडावर धरायचंच विसरले. महिन्याभरात कसर माझ्या शालींत पोचली, त्यात आईची एक होती. तेव्हापासून लोकरीची कुठलीही वस्तू घरी आली की प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये. उणे १८ अंशांत अळ्या आणि अंडी मरतात. आमच्याकडे मटार आणि उकडीचे मोदक यांच्यामध्ये कायम कुणाचा तरी स्वेटर झोपलेला असतो. लांब कोट मावणार नाही, तो ड्रायक्लीनला दे.

मग अस्तर. बगलेत विरलंय का, खाली लोंबतंय का? नवं अस्तर घालायला लंडनमधला शिंपी जे मागतो ते ऐकून तुला कोट परत करावासा वाटेल. कसरीची एखाद-दुसरी भोकं रफू होतात, विरलेलं अस्तर रफू होत नाही. वास घे. डांबराच्या गोळ्यांचा वास वाऱ्यावर टाकला की जातो. घामाचा वास बगलेत मुरला असेल तर सहसा जात नाही. मापाच्या नंबरावर विसंबू नकोस, जुना १२ आजच्या १२ पेक्षा चांगलाच लहान असतो. कधी हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाचं जाकीट दिसलं तर आत गोल पृथ्वी आणि वर क्रॉस असा छाप शोध. त्या छापाच्या कापडासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे, ते स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराच्या घरीच विणलेलं असावं लागतं. आणि 'सेंट मायकल' असं लेबल दिसलं तर कपडा मार्क्स अँड स्पेन्सरचा आणि २००० सालाच्या आधीचा, कारण त्यानंतर त्यांनी ते नाव बंद केलं. इतकी वर्षं टिकलाय म्हणजे अजून टिकेल, असा माझा हिशेब असतो.

पावती जपून ठेव. मन बदललं म्हणून परत घेणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, बरीच दुकानं तरी घेतात. पण न सांगितलेला दोष निघाला तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा जुन्या वस्तूंनाही लागू आहे, अर्थात वय आणि किंमत बघून. पुढेमागे सोफा घ्यायचा झाला तर गादीखाली आगप्रतिबंधक लेबल शिवलेलं आहे ना ते बघ. १९८८ च्या आगीपासून सुरक्षिततेच्या नियमांमुळे त्याशिवाय चॅरिटी शॉप सहसा सोफा विकत नाही, आणि कुणी रस्त्यात फुकट दिला तरी तो भाड्याच्या घरात आणू नकोस.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्यापासून लपवू नकोस. लपवलेली गोष्ट नवऱ्याच्या तोंडून तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाहेर पडते, असा माझा अनुभव आहे. आणि आल्या आल्या जाहीरही करू नकोस. त्यांना आठवडाभर थंडी लागू दे, मग त्या दुकानात घेऊन जा, पण कपड्यांकडे नेऊ नकोस. सरळ कपबश्यांच्या फळीपाशी उभं कर. बोन चायनाचा कप बोटावर तोलून कडेला टिचकी मारायला सांग. माठ घेताना आपण मारतो तशीच. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, दिसो वा न दिसो. हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते तिथे त्यांच्या लक्षात येईल. चमचे हाती लागले तर मागचे छाप बघा. चालणारा सिंह असेल तर चांदी, हजारात ९२५ भाग. 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील तर नुसतं चांदीचं पाणी. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच पदर सावरून, कुठेही हात न लावता उभ्या राहिल्या होत्या. पाऊण तासाने गुलाबाच्या फुलांच्या सहा बश्या पोटाशी धरून काउंटरवर रांगेत होत्या आणि मला विचारत होत्या की यांच्याकडे आपल्या जुन्या साड्या घेतात का. घेतात म्हटल्यावर म्हणाल्या, "मग ही बोहारीणच की. नुसती खुर्चीवर बसलेली."

बटणाचं विसरलेच होते. नवं आणायची घाई करू नकोस. कोटाची पुढची पट्टी आतून खालपर्यंत चाचपून बघ, नाहीतर अस्तराच्या बाजूच्या शिवणीत कपडे धुण्याच्या सूचनांचं लेबल असतं तिथे. चांगल्या कोटात शिंप्याने तिथे एक जादा बटण टाकून ठेवलेलं असतं.